एका पानाचे सर

कोणत्याही गावात गेले की सर आधी चपला काढायचे. मग वाकून उजव्या तळहातानं जमीन पुसायचे आणि तिथंच मांडी घालून बसायचे. कोणी खुर्ची आणली, खाट टाकली, तरी नाही. "राहू द्या जी. खुर्चीवरून बांधी दिसत नाही," म्हणायचे. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं वावर. मग उभी असलेली माणसंही एकेक करून खाली बसत, आणि सगळे बसल्यावरच सर पहिला प्रश्न विचारत. मातीचा हात ते पँटलाच पुसायचे. त्यांची प्रत्येक पँट उजव्या मांडीवर मातकट असायची, आणि ऑफिसात शिपाई नव्या माणसाला सांगायचा, "ज्याहीची पँट एका बाजूनं मळली असन, थेच सर."

असा साहेब तुम्ही पाहिला असेल तर तुम्हालाही तो आवडला असेल. मला तर फारच आवडला होता. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी पहिल्यापासून त्यांच्या वाईटावर होते असं कोणाला वाटायला नको.

जिल्हा फुटून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. गोंदिया वेगळा झाला आणि आमच्या भंडाऱ्याच्या ऑफिसातली टेबलं, कपाटं, माणसं वाटली गेली. त्या घाईत तलावांच्या नोंदवहीचा पहिला भाग इकडे राहिला आणि दुसरा तिकडे गेला. पुढे वर्षभर आम्हाला 'प'च्या पुढचं एकही गाव सापडत नव्हतं. सर म्हणायचे, "अर्धा जिल्हा नेला त्याचं काही नाही. अर्धी बाराखडी कायले नेली?"

मी तिथं सांख्यिकी सहायक होते. पाऊस किती, पीक किती, पंप किती, हे तक्त्यात भरायचं आणि वर पाठवायचं. वर म्हणजे कुठं आणि तिथं त्याचं काय होतं, हे कोणी विचारत नसे. मीही नाही.

मग दिल्लीहून एका कार्यक्रमाचं पत्र आलं. शेती आणि खेड्यांसाठी सरकार जी धोरणं करतं, ती तपासून पाहणारी माणसं देशातच, जिल्ह्याजिल्ह्यात तयार करायची, असा तो मोठा कार्यक्रम होता. प्रत्येक जिल्ह्यातून एकानं तीन महिने शिकून यायचं आणि आल्यावर आपल्या लोकांना शिकवायचं. आमच्याकडून सर गेले, कारण दिल्लीच्या थंडीत जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तीन महिन्यांनी ते एक स्वेटर, एक जाड फाईल आणि एक वेडच घेऊन परत आले.

आम्हा सात जणांना त्यांनी मीटिंगच्या हॉलमध्ये बसवलं. आमच्यातल्या एकानं पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, धोरण म्हणजे नेमकं काय जी?" सरांनी टेबलावरचा एक शासन निर्णय उचलला, दोन बोटांत धरून हलवला.

"हा कागद निघाला. याच्यानं कोणाच्या ताटातलं गेलं आणि कोणाच्या ताटात पडलं? एवढं तुले सांगता आलं का झालं. बाकी सारं इंग्रजी आहे."

ताट पाहा, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम एका पानाचा. काहीही लिहा, एका पानाच्या वर लिहायचं नाही. आमच्यातल्या एका हौशी गृहस्थानं बियाण्याच्या अनुदानावर अकरा पानं लिहून आणली, तर सरांनी ती हातावर तोलून पाहिली आणि परत दिली. "मोठ्या सायबाले एक पान. मले एक पान. आणि मले द्याच्या आंधी घरी सासूले वाचून दाखवा. तिले समजलं तं आणजा."

मी खरंच दाखवलं. माझी सासू आंधळगावची, आयुष्यभर रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, गेलेली बाई. धानाच्या खरेदीकेंद्रांवर लिहिलेलं माझं पान तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "एवढं तं मले माहीतच होतं. याच्यासाठी पगार देतेत काय?" दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. सर एवढे हसले की त्यांना खोकला आला, आणि मग ते वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं. महिनाभर कोणाला पुसू दिलं नाही.

तुम्हाला सांगते, त्या तीन-चार महिन्यांत मी बदलले. नोकरीला लागून नऊ वर्षं झाली होती, पण मला काही समजतं असं कोणी तोवर म्हटलं नव्हतं. सर म्हणायचे. "ही बाई पाहते. तुमी नुसते मोजता," असं सगळ्यांसमोर म्हणायचे. घरी येऊन मी ते दोनदा सांगितलं, तर नवरा म्हणाला, ऐकलं बाई, ऐकलं.

शेवटी प्रत्येकानं एका गावाचा अभ्यास करायचा होता. मी माझ्या मामाचं गाव घेतलं. तुमसरच्या पुढं, आंबागडाच्या डोंगराकडे. गावाचं नाव सांगत नाही. एकदा सांगून पस्तावले आहे.

गावाला जुना तलाव आहे. तलावाखालच्या बांध्यांतल्या शेतकऱ्यांची तक्रार होती की शेवटच्या बांध्यांपर्यंत पाणी पोचत नाही आणि धान पिवळा पडतो. असं का होतं, हे मला शोधायचं होतं. त्याच तलावात माझ्या मामाचीही शेती होती. तलावात शेती म्हणजे असं, की दिवाळीनंतर पाणी उतरत जातं आणि काठानं ओला गाळ उघडा पडतो. आमच्या बौद्ध वस्तीतली चौदा भूमिहीन घरं त्या गाळात लाखोरीचं कडधान्य, हरभरा, थोडी भाजी पेरायची. याला गाळपेर म्हणतात. कोणाची पट्टी कुठून कुठपर्यंत हे वस्तीत प्रत्येकाला तोंडपाठ होतं. कागद कोणाकडेच नव्हता.

आमच्या भागात भाचीच्या पाया पडतात, हे तुम्हाला माहीत असेल. मी गावात पाय ठेवला की मामा-मामी दोघंही वाकायची. लहानपणी मला मजा वाटायची, नोकरी लागल्यावर लाज वाटायला लागली, पण मामी ऐकायची नाही. "तू साहेबीण असशीन तुह्या ऑफिसात. अथी भाची आहेस."

सर माझ्यासोबत तीनदा आले. तिसऱ्या खेपेला विहाराच्या अंगणात त्यांनी जमीन पुसली, बसले आणि म्हणाले, "तुमचा तलाव मले अथी काढून दाखवा." मग पूर्ण वस्ती कामाला लागली. राखेनं तलाव काढला, विटांची पाळ म्हणजे तलावाचा बांध केला, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, काड्या टाकून बांध्या पाडल्या. बाया भांडत होत्या की नाला इतका सरळ नाही. मामीनं घरातून ओंजळभर लाखोरी आणली आणि आपल्या पट्टीच्या जागी दाणे ठेवले. ते पाहून सगळ्यांनीच आपापल्या जागी दाणे ठेवले. सर म्हातारीच्या बाजूला, पोराच्या बाजूला सरकत सरकत बसत होते, आणि मी ते सारं मोठ्या कागदावर उतरवत होते. दाण्यांच्या जागी मी ठिपके काढले.

सर म्हणाले, "आता प्रत्येक पट्टीवर नाव लिव."

मामाचा एक शेजारी म्हणाला, "नाव कायले जी? पट्टी दिसते नं."

"नाव नाही लिवलं तं तुमी मोजल्याच जात नाही," सर म्हणाले. "उद्या तलावाचं काही ठरलं तं तुमी होते हे कोण सांगन? आणि हा नकाशा तुमचा आहे. काम झालं का मी सोता वापस आणून देतो. विहारात लावजा." असं म्हणून त्यांनी समोरच्या जमिनीवर हात ठेवला, शपथ घेतल्यासारखा.

तरी लोक एकमेकांकडे पाहत होते. तेव्हा मामी बोलली. "माही भाची लिवून राहिली नं. मंग लिवू द्या."

मी लिहिलं. चौदा नावं, माझ्या वळणदार अक्षरात.

अभ्यासात निघालं ते सोपं होतं. तलावात पाणी आणणारा नाला वरच्या रस्त्याच्या मुरमानं बुजला होता, आणि पाणी सोडायची मोरी फुटून दोन पावसाळे झाले होते. गाळपेर सुरू व्हायची ती धान कापून झाल्यावर. तोवर शेवटच्या बांध्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. उलट पाळीला भगदाड पडलं तर रात्रंदिवस माती टाकायला हीच चौदा घरं जात. मी लिहिलं की नाला मोकळा करा, मोरी बांधा, आणि गाळपेर करणाऱ्यांना दर वर्षीचा साधा परवाना द्या. सासूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे बरं लिवलं." माझ्या आयुष्यात सासूनं केलेलं ते पहिलं कौतुक.

फक्त ते दीड पान झालं होतं. सर म्हणाले, "ठेव माह्याजवळ. मी बसवतो एका पानात."

त्याच दिवसांत एक बातमी ऑफिसात फिरत होती. दिल्लीच्या त्या संस्थेत शिकवायला काही कायमची माणसं घेणार होते, आणि जिल्ह्याजिल्ह्यातून आलेल्या टिपणांवरून ती निवडणार होते. सरांनी मला चहा पाजला आणि विचारलं, "तुह्या गावचं टिपण पाठवू का?" मी म्हटलं, सर, विचारता काय. मला वाटलं, मामाचा तलाव दिल्लीला चालला. त्या दिवशी मी साऱ्यांना पेढे वाटायचे तेवढेच बाकी ठेवले होते.

सरांची निवड झाली. आणि दिवाळी झाल्या झाल्या, पाणी उतरायला लागलं होतं तेव्हा, मामानं माणूस पाठवला, जशी असशील तशी ये.

गेले. मामा अंगणात उभे होते, हातात कागद. कोतवालानं चौदाही घरी एकेक दिला होता. मामा तो कागद हातात धरूनच माझ्या पाया पडले, नेहमीसारखे, आणि मग कागद माझ्यापुढं केला. तलावाच्या बुडीत क्षेत्रातलं अतिक्रमण, पंधरा दिवसांत सोडावं, या हंगामात पेरणी करू नये. मागं टाचणी लावून एक झेरॉक्स होती.

मामीला वाचता येत नाही. तिनं त्या झेरॉक्सवर बोट ठेवलं. "हे तं आपलाच नकाशा होय नं बाई? हे पाह्य, माही लाखोरी." बोट माझ्या ठिपक्यांवर होतं. वर माझ्याच अक्षरात मामाचं नाव.

सरांनी शब्द पाळला म्हणायचा. नकाशा गावात वापस आला होता.

मामीनं चहा केला. तो मी प्यायले, याचीही मला पुढं किती दिवस लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी आवक-जावकवाल्याकडून टिपणाची प्रत काढून घेतली. एकच पान होतं, सुबक टाइप केलेलं, एक प्रत दिल्लीला आणि एक तहसीलला गेलेली. शेवटच्या बांध्यांना पाणी मिळत नाही, कारण तलावक्षेत्रात चौदा कुटुंबांची अनधिकृत लागवड आहे. ती हटवल्यास साठवण वाढेल, खर्च शून्य. सोबत नकाशा, नावांसह. नाला नव्हता. मोरी नव्हती. माझं नावही होतं खाली, 'क्षेत्रीय साहाय्य' म्हणून.

सर टेबलाचे खण आवरत होते. मी ते पान त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे काय केलं सर?"

त्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "एका पानात बसत नव्हतं, मॅडम."

त्या आधी त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. बाई म्हणायचे, खुशीत असले की पोरी म्हणायचे.

"मोरी बसत नव्हती? एक ओळ होती ती."

"मोरीले पैसा लागते. नाल्याले रस्तेवाल्यांची परवानगी लागते. थे दिल्लीवाले म्हणत होते, ज्याच्यात निर्णय लगेच होते अशी एकच शिफारस द्या." ते खण उघडत होते, बंद करत होते. "तिकडे देशभरातून टिपणं येऊन राहिले. तुमाले वाटते तेवढं सोपं नसते."

"आणि नावं कायले जोडली? तुम्ही म्हटलं होतं नं, मोजल्या जातीन म्हणून?"

"नकाशा जोडा म्हणे. मी जोडला."

"सर," मी म्हटलं, "कोणाच्या ताटातलं गेलं?"

त्यांनी खण बंद केला. मग उठून, पाणी प्यायला जातो म्हणाले आणि गेले. मी अर्धा तास तिथं उभी होते. ते परत आले नाहीत.

त्यांना काही माहीत नसतं, दिल्लीत दुसऱ्या कोणी ते पान कापलं असतं, तर मी माफ केलं असतं. मी तशी वाटही शोधली. पण टाइप करणारी बाई माझ्या ओळखीची. ती म्हणाली, सरांनी तिच्या बाजूला बसून चार वेळा दुरुस्त करून घेतलं. दीड पानातून एकेक ओळ काढत काढत.

आठवड्यानं निरोप समारंभ झाला. हार, नारळ, शाल. सरांना बोलायला सांगितलं तर ते साधंच बोलले. म्हणाले, "मी एवढंच शिकलो आणि एवढंच तुमाले शिकवलं. ताट पाहा." हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले. सरांचा राग कधीमधी उतरतो, पण त्या टाळ्यांचा राग अजून उतरलेला नाही.

मी मूळचं दीड पान घेऊन मामासोबत तहसीलला गेले, मग वरच्या ऑफिसात गेले. सगळ्यांनी वाचलं. एक साहेब भला होता. तो म्हणाला, "तुमचं खरं असेल, पण तुमच्याच ऑफिसचं टिपण आहे, नकाशाही तुमच्याच हातचा आहे. आता तुम्हीच नाही म्हणता?" त्या हिवाळ्यात तहसीलवाल्यांनी मशीन आणून तलावाच्या काठानं चर खोदला, कोणी गाळात उतरू नये म्हणून. चौदा पट्ट्यांत काही पेरलं गेलं नाही. मामी दुसऱ्यांच्या वावरात लाखोरी उपटायला मजुरीनं गेली. आणि पुढच्या साली शेवटच्या बांध्यांतला धान पुन्हा पिवळा पडला, कारण मोरी फुटलेलीच होती आणि नाला बुजलेलाच.

मग सरांची काही खबर नव्हती. ते इकडे आले नाहीत. मध्ये आमच्याकडचा एक नवा सहायक दिल्लीला प्रशिक्षणाला जाऊन आला. फार खूश होता. सांगत होता, "मॅडम, आपल्या भंडाऱ्याचे एक सर आहेत तिथं, काय शिकवतात. जमिनीवरच बसतात. नकाशा कसा काढायचा ते एका तलावाच्या नकाशावरून दाखवतात, लोकांनी राखेनं काढलेल्या."

मी विचारलं, "त्याच्यावर नावं आहेत का?"

"नाही नाही. नावं झाकली आहेत, पांढरी पट्टी लावून. सर म्हणतात, लोकांची नावं कधी उघड करायची नाहीत. पहिला नियम आहे त्यांचा."

म्हणजे त्यांना समजलं होतं. मला वाटायचं, समजलं तर बरं वाटेल. उलट त्या दिवशी घरी आल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन रडले. नवऱ्यानं विचारलं तर डोकं दुखतं म्हटलं. चौदा घरांच्या जिवावर सर एक नियम शिकले, आणि आता तो देशभर शिकवत होते.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. आता नवीन मुलांना मीच शिकवते. शिकवायला लागले की माझ्या तोंडून त्यांचंच येतं. ताट पाहा, सासूला वाचून दाखवा. दुसरं मला काही येतच नाही. फक्त एका पानाचा नियम मी काढून टाकला आहे.

मागच्या उन्हाळ्यात मामीकडे गेले होते. मामा आता नाहीत. मामी थकली आहे, पण मी फाटकातून आत आले तशी भिंतीला धरून उठली आणि वाकली. मी पाय मागं घेतले. नोटिशीपासून मी दर वेळी मागं घेते, आणि ती दर वेळी पुढं सरकते. पाया पडून ती ओसरीवर बसली. मी चपला काढल्या, तिच्यासमोरची जमीन तळहातानं पुसली आणि खाली बसले. कसलाही विचार न करता, सवयीनं.

मामी माझ्या हाताकडे पाहत होती.

"उठ बाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "खाटेवर बस. असा हात नको फिरवत जाऊ. तुह्या त्या सायबासारखी दिसतेस."

मी उठले आणि खाटेवर बसले. उजवा तळहात मातीनं भरला होता. तो साडीला पुसवेना, आणि दुसरं कुठं पुसावा ते मला समजेना.